बोचरीला बी धरेपर्यंत

६ जानेवारी

पेपरात माझा फोटो आला. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे फोटो सुधारले. नवरीच्या गालावरचा मुरूम, मुख्याध्यापकांच्या टकलावरची चकाकी, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांखालच्या पिशव्या, सगळं शून्य नंबरच्या ब्रशने मिटवलं. आणि माझा स्वतःचा छापून आला तो असा: तोंड उघडं, डोळे मिटलेले, हातात फलक, 'टाकीमागच्या पडीक जागेवर बाग झालीच पाहिजे'. खाली लिहिलंय, बाग समितीच्या सचिव. समितीत आम्ही तिघी आहोत आणि तिसरी फक्त चहाला येते.

तरी कात्रण कापून ठेवलं.

८ जानेवारी

सकाळी दारात एक मुलगी. तिशीची असेल. पायात धुळीने माखलेले बूट, हातात परवाचा पेपर. "ह्या तुम्हीच ना?" मी केस सारखे केले. वाटलं, सहीबिही मागतेय.

"काकू, फोटोत तुमचा डावा पाय कशावर आहे ते बघा."

भिंग आणून बघितलं. पायाखाली गुडघाभर उंचीचं एक काटेरी झुडूप होतं, अर्धं चेमटलेलं.

"हे झुडूप साठ वर्षांत कुणाला दिसलं नव्हतं," ती म्हणाली. "आम्ही धरून चाललो होतो की ते संपलं. आणि तुम्ही त्याच्यावर उभ्या आहात."

ती डॉक्टर आहे, पण झाडांची. तिने मला लॅटिन नाव सांगितलं, ते दोनदा म्हणायचा प्रयत्न केला आणि ठसका लागला. मेंढरं चारणारे जुने लोक म्हणे त्याला 'बोचरी' म्हणत. ते जमतं.

मी म्हणाले, मला माहीत नव्हतं. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा वापरलंय. आज निदान ते खरं होतं.

१५ जानेवारी

डॉक्टरीणबाई (मी तिला मनात असंच म्हणते) वरच्या स्टुडिओत राहायला आली. हे गेल्यापासून सहा वर्षं ती खोली बंद होती. डार्करूममध्ये ती आता वाळलेली पानं ठेवते. ह्यांच्या फिल्मच्या डब्या बघून हरखली, बिया ठेवायला छान म्हणाली. बी कुठेय, विचारलं. तर म्हणाली तीच तर अडचण आहे.

टाकीमागे आम्ही मोजून एकोणीस झुडपं शोधली. दगड, काटे, खुरटं गवत, आणि मधेमधे ही. फुलं लागलीत. धुऊन धुऊन विटलेल्या निळ्या कापडासारखा रंग. पहाटे उमलतात, दुपारी गळतात. तीस वर्षं मी ह्या माळाला लागून राहतेय आणि 'तिथे काही नाही' असं सगळ्यांना सांगत आलेय.

२१ जानेवारी

उद्यान खात्याच्या साहेबांना भेटलो. मी अर्ज पुढे केला: सदर जागेवर बाग करू नये. साहेबांनी फाइल उघडली आणि दुसरा अर्ज माझ्यापुढे ठेवला: सदर जागेवर बाग करावी. दोन्हीखाली माझीच सही. अक्षर दुसऱ्या अर्जावर जास्त चांगलं आहे.

"बाई, नेमकं काय करू?" साहेब म्हणाले. माणूस वाईट नाही. डॉक्टरीणबाईने सगळं समजावलं. हे झुडूप उपटून कुंडीत लावलं तर मरतं. तिने तीन फुटवे लावून बघितले, तिन्ही गेले. ह्याला हाच दगडमाळ लागतो.

"ह्याला बी येतं का?" साहेबांनी विचारलं.

"अजून दिसलं नाही."

"मग हे संपतच आलंय ना. एप्रिलमध्ये काम सुरू होणार. तोवर बी धरलेलं दाखवा, मी कुंपण मंजूर करतो. नाही तर वर काय सांगू? काटे राखतोय म्हणून?"

मी तावातावाने म्हणाले, दाखवू. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाईला विचारलं, कसं?

२८ जानेवारी

आज कळलं ते असं. आमची एकोणीस झुडपं एकोणीस नाहीतच. सगळी एकाच मुळातून फुटलेली, म्हणजे एकच. आणि बोचरीला स्वतःचे पराग चालत नाहीत. दुसऱ्या झाडाचे लागतात. दुसरं झाड जगात कुठे आहे, माहीत नाही.

डॉक्टरीणबाईने पेपरात आवाहन दिलंय, कुणी हे झुडूप पाहिलंय का. पेपरवाल्यांनी माझा तोच फोटो पुन्हा छापला. पाय ठळक दिसावा म्हणून मोठा करून.

२ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई माळावर घसरली. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर. संध्याकाळी खुर्चीत बसून रडली. परागांचं काम बारीक ब्रशने करायचं असतं, आणि डाव्या हाताने तिला चमचाही धरता येत नव्हता.

मी ब्रशची पेटी आणून तिच्या मांडीवर ठेवली. शून्य, दोन शून्य, तीन शून्य. तिने ब्रश पाहिले, मग माझ्या हाताकडे पाहिलं.

"काकू, हात थरथरतो?"

"जीभ घसरते. हात नाही."

५ फेब्रुवारी

फोन आला. दुसरं झाड आहे. चार तासांवरच्या गावी एका बाईच्या घरामागे दोन झुडपं आहेत, आमच्या मुळाशी त्यांचा काही संबंध नाही. डॉक्टरीणबाई नाचायचीच बाकी होती.

"पण विचित्र बाई आहेत," ती म्हणाली. "झुडपाचं नंतर बोलल्या. आधी विचारलं, फोटोतल्या बाई बऱ्या आहेत ना, वाळल्यासारख्या दिसतात."

फोटो वाईट आला की असं होतं. लोकांना सहानुभूती वाटते.

१० फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई काल जाऊन आली. फिल्मच्या डबीत पराग आणले, मी बावीस फुलांना लावले. प्रत्येक फुलाला मलमलची पिशवी, देठाला लाल दोरा. हे काम मला येतं. श्वास रोखायचा, टोक टेकवायचं, सोडायचं.

पण लिहायचं ते दुसरंच आहे. लावताना ती सांगत होती, "फार व्यवस्थित बाई आहेत. जुन्या दवाखान्याच्या लोखंडी खाटेची चौकट उभी करून झुडपांना कुंपण घातलंय. निवृत्त नर्स. सगळे त्यांना बेबीताई म्हणतात."

बेबीताई म्हणजे माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण. सहासष्ट वर्षांची बेबी.

सहा वर्षं आम्ही बोललेलो नाही. हे तेवीस दिवस दवाखान्यात होते आणि मी तिला कळवलं ते शेवटच्या दिवशी. ती पोचली तेव्हा सगळं आटपलं होतं. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "तेवीस दिवस, वहिनी?" आणि आल्या पावली परत गेली. ह्यांनीच मला सांगितलं होतं, बेबीला कळवू नकोस, उगाच धावत येईल.

जगातलं दुसरं झाड उगवायला दुसरी जागा नव्हती. योगायोग म्हणतात तो हा. डॉक्टरीणबाई म्हणाली, त्यांनी विचारलं की तुम्ही प्रेशरची गोळी वेळेवर घेता का. नर्सांना ती सवयच असते.

१७ फेब्रुवारी

बावीसच्या बावीस फुलं गळली. पिशव्या उघडल्या तर प्रत्येकीत एक वाळका निळा चोळामोळा. डॉक्टरीणबाई म्हणते, तिच्या डाव्या हाताने पराग उशिरा निघाले आणि बसच्या उकाड्यात मेले. फूल उमलतं त्या क्षणी काढायला हवेत. त्यासाठी आदल्या दिवशी जाऊन मुक्काम करायला हवा.

"काकू, हे तुमच्या हातांचं काम आहे."

मी म्हणाले, माझे गुडघे दुखतात. ती म्हणाली, मागच्याच आठवड्यात तुम्ही माळावर चार तास उकिडव्या बसला होतात. मी म्हणाले, तेव्हापासूनच दुखतात.

आठ-दहा दिवसांत फुलं संपतील.

२० फेब्रुवारी

उद्या जातेय. फक्त परागांसाठी. तीनदा बॅग भरली. चिमटा, तीन ब्रश, भिंग, डब्या. प्रेशरच्या गोळ्या वरच ठेवल्यात, दिसतील अशा.

दहा तारखेच्या नोंदीत एक वाक्य खोटं आहे. 'ह्यांनीच मला सांगितलं होतं.' सहा वर्षं सगळ्यांना सांगून इतकं गुळगुळीत झालंय की वहीतही आपोआप उतरलं. ते असं काही म्हणाले नव्हते. उलट म्हणाले होते.

२२ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मीच उद्या त्यातले डाग काढून टाकीन.

काल दुपारी पोचले. बेबीताईने दार उघडलं. वाळलीय. (हे ती माझ्याबद्दल म्हणाली होती. आम्ही दोघी वाळल्याच आहोत.) "या," म्हणाली. पूर्वी मला अगंतुगं करायची. मीही "तुम्ही"च केलं. जेवताना आम्ही फक्त झुडपांबद्दल बोललो. पान किती लांब, काटा किती. दोन म्हाताऱ्या एकमेकींना काट्याची लांबी सांगतायत, कुणी ऐकलं असतं तर हसला असता. मी नऊ वाजताच झोपले, म्हणजे डोळे मिटून पडले.

पहाटे मागच्या अंगणात गेलो. खाटेच्या चौकटीतून आत वाकून मी बसले, समोर ती. ती फांदी धरायची, मी चिमट्याने पुंकेसर काढायची. तिने माझ्या हातावर टॉर्च असा धरला होता की सावली पडत नव्हती. शस्त्रक्रियेच्या खोलीत उभं राहिलेला माणूस लगेच ओळखू येतो. नऊ फुलं झाली.

मग फांदीवरची नजर न काढता तिने विचारलं, "दादा मला बोलावत होता का?"

चिमटा फुलात होता. हात हलला नाही.

"हो," मी म्हणाले. "चौथ्या दिवसापासून. रोज."

तिने पुढची फांदी वाकवली. "हे उमलतंय, आधी हे घ्या."

ते घेतलं. मग मीच बोलत सुटले. म्हणाले, तुम्ही आला असतात तर खाटेशी लावलेला तक्ता बघितला असतात. मग तुमच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं असतं. मला कळून घ्यायचं नव्हतं. डॉक्टर म्हणत होते, बघू. मला तो 'बघू' पुरत होता. रोज ह्यांना सांगायचे, बेबीला फोन केलाय, निघालीय, गाडी मिळत नाहीये. ते दाराकडे बघत राहायचे.

हे शेवटचं मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

तिने टॉर्च खाली ठेवला. एव्हाना उजाडलं होतं, पण मला वाटलं आता ही उठून आत जाणार. तिने डोळे मनगटाने पुसले, बोटं झुडपासाठी कोरडी ठेवून.

"मी नर्स म्हणून नसते गं आले," ती म्हणाली. "नुसती बसले असते."

त्या 'गं'वर माझा चिमटा पहिल्यांदा हलला. एक पुंकेसर वाया गेला. डॉक्टरीणबाईला सांगितलेलं नाही.

मग ती आत जाऊन एक निळा डबा घेऊन आली. लसी नेतात तो, बर्फाच्या पिशव्या लावलेला. डब्या त्यात नीट बसवल्या. मी हात पुढे केला तर म्हणाली, "हा मी कुणाच्या हातात देत नाही. उघडझाप करून थंडावा घालवाल. मीच येते."

बसमध्ये चार तास डबा मांडीवर. तिने मला एकदाही तो धरू दिला नाही आणि खिडकीची जागाही घेतली.

दुपारी बाराच्या आत माळावर पोचलो. आमच्या झुडपांवरची अडतीस फुलं अजून तग धरून होती. मी लावत गेले, ती पिशव्या बांधत गेली. तिची गाठ माझ्यापेक्षा चांगली. डॉक्टरीणबाई प्लास्टर सांभाळत आकडे लिहीत होती. मधेच म्हणाली, "तुम्ही दोघी आधी एकत्र काम केलंय का?" आम्ही दोघी एकदमच नाही म्हणालो.

२३ फेब्रुवारी

बेबीताई रात्री राहिली. सकाळी भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोसमोर बराच वेळ उभी होती.

"हा कोण?"

मी गडबडले.

"हनुवटीवरची खूण कुठे गेली? ती मी पाडली होती. पाटी फेकून मारली होती मी त्याला."

खूण मी काढली होती. कपाळाच्या आठ्या, गळ्याची शीर, शेवटच्या वर्षाचा थकवा, सगळं काढलं होतं. माझं सगळ्यात चांगलं काम मानत होते मी ते. आता पाहिलं तर विम्याच्या जाहिरातीतला कुणीतरी वाटला.

मूळ प्रिंट शोधायला दोन तास लागले. त्यात ते थकलेले आहेत आणि किंचित वैतागलेले, कारण मी 'हसा' म्हणत होते. बेबीताईने तो वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत ठेवला आणि दुपारच्या बसने गेली. जाताना नमस्कार नाही, काही नाही. "पिशव्या रोज तपास," एवढंच.

९ मार्च

अकरा बोंडं धरली. अडतीसमधली अकरा. हिरवी, मुगाएवढी. डॉक्टरीणबाईने मला मिठी मारली आणि प्लास्टर माझ्या कानावर आपटलं.

बेबीताईला फोन केला. "अकरा," मी म्हणाले.

"बाकीच्या सत्तावीसांचं काय झालं?" तिने विचारलं.

२४ मार्च

अळ्या. पाच बोंडं आतून पोखरली. सहा उरली. मी दिवसातून चार वेळा माळावर जाते, भिंग घेऊन. रस्त्यावरचे लोक मान वळवून बघतात. समितीतल्या त्या चहावालीने विचारलं, काय हरवलंय. मी म्हणाले, तुझी बाग.

बेबीताई रोज सहा वाजता फोन करते. 'किती?' 'सहा.' ठेवते. आज सहा दहा झाले तरी आला नाही, तर मीच केला. म्हणाली, कुकर लावत होते.

११ एप्रिल

बोंडं तपकिरी झालीत. साहेब अठराला येणार. डॉक्टरीणबाईचं प्लास्टर निघालं. आता तिचा हात चांगला झाला, तेव्हा माझी गरज संपली असं मी तिला सहज म्हणाले. ती म्हणाली, पुढच्या वर्षी दोनशे फुलं करायचीत. मी म्हणाले, तोवर कोण जगतंय. आणि लगेच नवीन ब्रश मागवले.

१८ एप्रिल

बेबीताई सकाळच्या बसने आली. परतीची बस पाचला, नंतर थेट उद्या. आल्या आल्या तिने हे तीनदा सांगितलं.

डॉक्टरीणबाईने पाच बोंडं काढून पाकिटात घातली आणि एक साहेबांना दाखवायला झुडपावरच ठेवलं. साहेब तीनला आले. वाकून बघितलं. "एवढंसं?" म्हणाले, आणि खिशातलं पेन काढून त्याला टोचलं.

पिकलेलं बोंड फुटतं, हे आम्ही सांगायच्या आत ते फुटलं. टच असा आवाज झाला आणि बिया उडाल्या. एक साहेबांच्या चष्म्याला लागली. साहेब दोन पावलं मागे सरले, चष्मा पुसला, आणि मग शाळेतल्या पोरासारखे हसले. "जिवंत आहे की हे," म्हणाले. तिथेच फाइल गुडघ्यावर ठेवून लिहिलं, पाच वर्षं कुंपण, बाग दुसरीकडे. सही केली. फाइलमधले माझे दोन्ही अर्ज मी परत मागितले, तर म्हणाले, ते आता सरकारी कागद आहेत.

साहेब गेले. डॉक्टरीणबाई पाच बोंडं वजन करायला घरी पळाली. जाताना बजावून गेली: एका बोंडात चार बिया असतात, चारही हव्यात, दोन इथे पेरायच्या, दोन बेबीताईंच्या अंगणात.

मग आम्ही दोघी दगडांत गुडघे टेकून बसलो. माझ्याकडे भिंग, तिच्याकडे टॉर्च, भर उन्हात. पहिलं बी लगेच मिळालं, दुसरं एका काट्यात अडकलेलं, तिसरं तिच्या चपलेत. चौथं काही सापडेना. ती दगडन् दगड उचलून बघत होती, मी गवत बोटांनी विंचरत होते. दादाने लहानपणी तिची बाहुली अशीच माळावर हरवली होती आणि मग दोन दिवस शोधत होता, असं ती सांगत होती. मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. तिने आणखी दोन सांगितल्या.

चौथं बी मला सव्वाचारलाच सापडलं होतं. माझ्याच बाहीच्या दुमडीत होतं, चपटं, फिकट, तिळाएवढं. मी ते मुठीत धरलं आणि दुसऱ्या हाताने शोधत राहिले. बसस्टँड इथून वीस मिनिटांवर आहे. साडेचार झाले. पावणेपाच झाले. मी म्हणाले, "बेबीताई, ते त्या मोठ्या दगडामागे गेलं असेल." ती उठून तिकडे गेली, दगडामागे बघितलं, घड्याळात बघितलं, माझ्या मिटलेल्या मुठीकडे बघितलं आणि परत गुडघे टेकून बसली.

"सावकाश शोध गं, वहिनी," म्हणाली. "घाई नाही."

पाच वाजून दहा मिनिटांनी मी बी सापडल्याचं जाहीर केलं. बिचारीला काही कळलं नाही.